बदललेल्या इंजिनाचा बिघाड सांध्यात शोधा

(बुलढाणा जिल्ह्यातले जुन्या गाड्यांचे हौशी मालक, गॅरेजवाले आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आधी एका वाक्यात सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. इंजिन बदललेली जुनी गाडी चालेनाशी झाली की आपण पहिल्यांदा इंजिन उघडतो. पण बिघाड पुष्कळदा इंजिनात नसतोच. इंजिन आणि गाडी जिथे एकमेकांना जोडलेली असतात, त्या सांध्यात तो असतो. हे लक्षात आलं नाही की हेड उतरतं, रिंगा बदलतात, बोअर होतो, पैसे जातात आणि गाडी होती तिथेच राहते. मग मालक कंटाळून ती भंगारात देतो. चांगली गाडी चुकीच्या निदानामुळे जाते, ही खरी हानी आहे.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जोडीतला एक बैल बदलला तर नवा बैल कितीही ताकदीचा असला तरी जू, शिवळा, सापत्या त्याच्या मानेप्रमाणे बघाव्याच लागतात. जुंपणी चुकली तर खांदा सुजतो. तेव्हा बैल वाईट निघाला म्हणायचं की जुंपणी?

कंपन्यांनीही इंजिनं बदलली

इंजिन बदलणं म्हणजे फक्त गॅरेजातला जुगाड, असं समजू नका. मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलं आहे. 1962 मध्ये कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत अमेरिकन फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं, तीच पुढे कोब्रा म्हणून गाजली. इंग्लंडमध्येच केन कॉस्टेलो यांनी एमजीबी गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 बसवून दाखवलं. पुढे 1973 मध्ये कंपनीने स्वतःच तशी एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. ते जमलं, कारण रोव्हरचं इंजिन अॅल्युमिनियमचं होतं. सिलिंडर दुप्पट, पण वजन जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा फारसं जास्त नाही. म्हणजे पुढच्या स्प्रिंगा, स्टिअरिंग, ब्रेक या सगळ्यांना तो भार पेलता आला.

आपल्याकडे बघा. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने 1985 मध्ये 118 एनई आणली. तिची बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निस्सानचं, 1171 सीसीचं. त्याच वर्षी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरची देखणी बॉडी घेऊन तिच्यात आपलं जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन घातलं. ती स्टँडर्ड 2000. दिसायला राजबिंडी, पण इंजिन त्या वजनाला पुरेना. थोड्याच वर्षांत ती बंद पडली.

आणि तिसरी, आपल्या आजच्या उदाहरणाची गाडी, हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. मूळची व्हॉक्सहॉल. लांब बॉनेट, रुंद बसकण. 1980 च्या दशकात आपल्या रस्त्यांवर ऐटीची गाडी म्हणजे हीच. सुरुवातीला तिच्यात अॅम्बेसेडरचंच 1489 सीसीचं, सुमारे 50 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. रुबाब मोठा आणि दम कमी. पुढे कंपनीने इसुझूचं 1817 सीसीचं, सुमारे 88 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला, तेव्हा ती पळायला लागली. साहजिकच जुन्या कॉन्टेसाच्या मालकांनीही इसुझू इंजिनं शोधून बसवली. कंपनीने बदल करताना रेडिएटर, फाउंडेशन, वायरिंग, सायलेन्सर सगळं एकत्र बसवून पाहिलेलं असतं. गॅरेजात ते एकेक करून जमवलं जातं. तिथे काहीतरी राहून जातं, आणि जे राहतं तेच पुढे त्रास देतं.

सेल्फ मारण्याआधी

समजा अशीच एक इंजिन बदललेली कॉन्टेसा चिखलीकडच्या एखाद्या गोदामात सहा वर्षं उभी आहे. नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरा. सहा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, एखादी रिंग गंजून चिकटलेली असते. जोर लावला तर रिंग तुटते, आणि मग खरोखरच इंजिन उघडावं लागतं.

आधी ऑइल काढा. चेंबरमधून दुधाळ, चहासारखं ऑइल आलं तर त्यात पाणी गेलंय. तिथेच थांबा, कारण शोधा. ऑइल साफ असेल तर नवं भरा, फिल्टर बदला. सगळे प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. पूर्ण दोन फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक पिस्टन आणि प्रत्येक व्हॉल्व्ह आपलं काम एकदा पूर्ण करतो. कुठे अडलं तर जोर करू नका. गाडी ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून चालू करणं तर मुळीच नको.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वास वॉर्निशसारखा येत असेल तर कार्बोरेटरच्या जेटमध्येही तोच चिकटा बसलेला असतो. आता इथेनॉलचा मुद्दा. आज पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी फार दिवस उभी राहिली की पाणी तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्याही ते फुगवतं, मऊ करतं. म्हणून नळ्या आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या घाला. जुनी नळी फुटून पेट्रोल गरम सायलेन्सरवर पडलं तर काय होईल हे सांगायला नको. पहिल्यांदा चालू करताना आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

यानंतर कॉइलची वायर काढून ठेवा आणि प्लग न लावताच सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत, थोडं थोडं थांबून. दिवा विझला म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं.

आता कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. अशा पेट्रोल इंजिनाला साधारण 140 ते 170 पीएसआय मिळावं. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो 10-15 टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा ढिल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट गेलंय.

चारही आकडे बरे आले तर इंजिन आतून ठीक आहे असं धरून चाला. आता पाना खाली ठेवा आणि सांधे तपासा.

पहिला सांधा: अर्थिंग

इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसतं. रबरातून करंट जात नाही. सेल्फ फिरताना 150 ते 200 अँपिअर करंट बॅटरीतून इंजिनात जातो, आणि त्याला परत बॅटरीच्या उणे टोकाकडे यायला वाट लागते. ती वाट म्हणजे इंजिन ते बॉडी जोडणारी जाड पट्टी. इंजिन बदलताना ही पट्टी हमखास विसरली जाते, किंवा रंगावरच कसली जाते. मग करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा मिळेल त्या बारीक वाटेने परत येतो. सेल्फ मंद फिरतो, केबल गरम लागते, आणि आपण म्हणतो इंजिन जाम आहे किंवा सेल्फ गेला.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या उणे खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. 0.2-0.3 व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर जम्पर केबल बॅटरीच्या उणे टोकापासून थेट इंजिनला लावा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर उत्तर मिळालं.

दुसरा सांधा: कॉइल

जुन्या गाड्यांत दोन तऱ्हेच्या कॉइल येतात. एकीला पूर्ण 12 व्होल्ट चालतात, तिच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण 3 ओहम असतो. दुसरी साधारण दीड ओहमची, तिच्याआधी एक रेझिस्टर लागतो. इंजिन एका गाडीचं, वायरिंग दुसऱ्या गाडीचं, म्हणजे इथे गोंधळ ठरलेला. दीड ओहमची कॉइल थेट 12 व्होल्टवर लावली तर ती तापते, पॉइंट जळतात, गाडी वीस मिनिटांनी बंद पडते. उलट 3 ओहमच्या कॉइलआधी रेझिस्टर राहिला तर ठिणगी अशक्त, आणि सकाळी थंड इंजिन चालू होत नाही. कार्बोरेटर दहा वेळा साफ करून यात काही फरक पडत नाही. कॉइलच्या दोन टोकांत ओहम मोजा, प्रश्न सुटतो.

तिसरा सांधा: पाणी आणि उष्णता

आपल्या जिल्ह्यात हा सगळ्यांत महत्त्वाचा. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-खामगावच्या पट्ट्यात मे महिन्यात काय ऊन असतं ते तुम्हीच जाणता. त्यात राजूरचा घाट किंवा बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला यायचं.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्याला द्यावा लागतो. म्हणजे 50 च्या जागी 88 हॉर्सपॉवर हवी असेल तर रेडिएटरनेही त्याच प्रमाणात जास्त उष्णता फेकली पाहिजे. जुनाच रेडिएटर ठेवला तर गावात गाडी ठीक चालेल, घाटात उकळेल.

पण आधी लक्षण नीट वाचा. गाडी उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर दोष पंख्याचा. पंखा रेडिएटरपासून लांब आहे, भोवतीचं काउल बसवलेलं नाही, किंवा इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी उलट लागून तो हवा उलट्या दिशेने फेकतोय. चालताना, चढावर तापते, तर रेडिएटरची जाळी, टायमिंग आणि पेट्रोलचं मिश्रण बघा. टायमिंग मागे असेल तर पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता वाया जाऊन हेडमध्ये शिरते. मिश्रणात हवा जास्त झाली तरी इंजिन तापतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5. जेट जुनेच असतील तर इंजिनाला आज पेट्रोल कमी पडतं. प्लगचं टोक पांढरं फटक दिसलं तर मुख्य जेट एक पायरी मोठा करून बघा.

आणखी एक. नव्या इंजिनाचं हेड जर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसलं असेल तर हवा वरच अडकून राहते. रेडिएटर भरलेला दिसतो आणि हेडमध्ये पाणी नसतं. गाडीचं तोंड चढावर करून, झाकण उघडं ठेवून, थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहा. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपली सवयही सोडा. खराब असेल तर नवा घाला. रेडिएटरचं झाकणही फालतू समजू नका. बुलढाण्याच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला तर तेच पाणी 115 च्या पुढेही उकळत नाही.

आणि काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा तपासा. मीटर जुन्या गाडीचं, सेन्सर नव्या इंजिनाचा, दोघांचं गणित वेगळं. गाडी थंड असून काटा लालमध्ये, किंवा इंजिन उकळतंय आणि काटा निवांत, दोन्ही होतं. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आता स्वस्तात मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर धरा, खरं काय ते कळेल.

बाकीचे सांधे

पेट्रोल पंप: कार्बोरेटरला 3 ते 5 पीएसआय पुरतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर त्याचा दाब कितीतरी पट. फ्लोटची सुई उचलली जाते, पेट्रोल बाहेर येतं. हा फक्त बिघाड नाही, धोका आहे.

गिअरबॉक्स: बेल हाउसिंग अगदी मध्यावर नसेल तर क्लच प्लेट आणि पायलट बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात. ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर इंजिनवर शंका घेण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि कोन बघा. स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवू शकतो, तोही मोबाइलच्या जीपीएसशी ताडून घ्या.

ब्रेक: ताकद वाढवली तर थांबवायची सोयही वाढवायला हवी. सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या नळीजवळून गेलाय का ते खाली झोपून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

कागदही सांधाच

इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, नंतर आरसीवर नोंद, आणि इंजिन कुठून घेतलं त्याचं बिल जपून ठेवायचं. नोंद नसलेल्या इंजिनावर अपघाताचा विमा अडकू शकतो. 2021 पासून 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली आहे, पण ती गाडी मूळ रूपात असेल तरच. इंजिन बदललं की तो हक्क जाऊ शकतो. म्हणून काढलेलं मूळ इंजिन भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, झाकून ठेवा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: सर, माही गाडी घाट चढता चढता बंद पडते. दहा मिनिटं थांबली का पुन्हा चालू होते. काहून होते हे?*

उत्तर: भाऊ, याला तीन कारणं असू शकतात आणि तिघांचं लक्षण एकच. कॉइल किंवा कंडेन्सर तापून ठिणगी जाते. पेट्रोलची नळी सायलेन्सरजवळून गेल्याने तिच्यात वाफ होते. किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजून टाकीत निर्वात होतो. दहा मिनिटांनी तिन्ही आपोआप बरे होतात. म्हणून त्या दहा मिनिटांत चहा प्यायला जाऊ नका. (हशा) बिघाड तेवढाच वेळ हजर असतो, तेव्हाच पकडा. बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर भोक बुजलंय. नाही, तर झाकण लावा, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटर हाताने ओढा. पेट्रोलची पिचकारी आली नाही तर वाफ. पिचकारी येत असेल तर थोडा वेळ जाऊ द्या, सांडलेलं पेट्रोल नाही याची खात्री करा आणि जवळचा प्लग कार्बोरेटरपासून लांब इंजिनला टेकवून ठिणगी बघा. ती नसेल तर कॉइल, कंडेन्सर.

*प्रश्न: आम्ही आयटीआयला स्कॅनर शिकतो. या गाड्यांना तो लागत नाही. मग हे शिकून उपयोग काय?*

उत्तर: स्कॅनरसुद्धा शेवटी व्होल्ट, दाब आणि तापमानच वाचतो. इथे ते तुम्ही हाताने वाचता, एवढाच फरक. आणि नव्या गाडीतही अर्थिंग खराब असेल तर स्कॅनर भलताच सेन्सर दोषी ठरवतो. ज्याने मल्टिमीटर धरायला शिकलंय तो फसत नाही.

*प्रश्न: दुरुस्त झाली हे कधी समजायचं?*

उत्तर: टप्प्याटप्प्याने. आधी जागेवर वीस मिनिटं. मग गावात. मग दुपारच्या उन्हात एखादा घाट. शेवटी खामगाव ते मलकापूर महामार्गावर एकाच वेगाने सलग. घाटातला बिघाड महामार्गावर दिसत नाही आणि महामार्गावरचा गावात दिसत नाही.

एका वेळी एकच बदल करा. कॉइल, जेट आणि टायमिंग एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कोणालाच कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. इंजिन कोणत्या गाडीचं, कॉइल किती ओहमची, जेट कोणता, कॉम्प्रेशनचे चार आकडे, तारखेसकट. उद्या ती गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली तर पुढच्या कारागिराला इंजिन उघडायची गरज पडणार नाही. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचं सगळं ज्ञान त्यांच्या हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. ते त्यांच्याबरोबर जायला नको असेल तर लिहायला लागा.